सासूबाईंची कवळी

हट्टा येथून एका भगिनींचें पत्र आलें आहे. सासूबाईंचें वय ७४. तोंडांत एकही दांत उरलेला नाहीं. वरची कवळी ठीक बसते, खालची मात्र बोलतांनाही हलते. म्हणून त्या अलीकडे पंक्तीस बसत नाहींत. सर्वांचीं जेवणें उरकल्यावर एकट्याच भाकरी वरणांत कुस्करून खातात. पुण्याच्या दिरांचें म्हणणें, सगळे दांत 'इंप्लांट'चे बसवावे; यजमान म्हणतात, या वयांत एवढा खर्च कशास?

दोघेही थोडे चुकतात, असें आम्हांस वाटतें.

वरच्या कवळीस टाळूचा आधार असतो. खालीं जीभ सारखी हलते, टेकावयास जागा अरुंद. शिवाय दांत गेल्यावर जबड्याचें हाड वर्षानुवर्षें झिजतच असतें. इंप्लांट म्हणजे हाडांत बसविलेला टिटॅनिअमचा लहानसा स्क्रू, दांताचें कृत्रिम मूळच. हाड या धातूस घट्ट धरून ठेवतें, हें स्वीडनमधील ब्रोनेमार्क यांच्या ध्यानीं १९५२ च्या सुमारास आलें, तेंही सशाच्या हाडांतील रक्ताभिसरण पाहतांना. दांतांचा विषय त्यांच्या मनांतही नव्हता! १९६५ सालीं त्यांनीं ज्या पहिल्या रुग्णास हीं मुळें बसविलीं, त्यास तीं २००६ मध्यें मृत्यु येईपर्यंत पुरलीं.

२००२ सालीं कॅनडांतील मॅकगिल विद्यापीठांत जमलेल्या तज्ज्ञांनीं असें मत दिलें कीं, दंतहीन खालच्या जबड्यास दोन इंप्लांट व त्यांवर अडकणारी कवळी हाच पहिला पर्याय मानावा. दोनच, प्रत्येक दांतास एक नव्हे. कवळी बटणासारखी बसते, रात्रीं काढून धुतां येते. जुनी कवळी चांगली असल्यास पुष्कळदां तीच उपयोगी पडते. हाड धरण्यास कांहीं महिने लागतात, तेवढा धीर हवा.

केवळ वय आड येत नाहीं. मधुमेह आटोक्यांत नसणें, तंबाखू, हाडें ठिसूळ होऊं नयेत म्हणून चाललेलीं औषधें, हीं आड येऊं शकतात. मशेरीची सवय असल्यास सासूबाईंनीं संकोच न करतां डॉक्टरांस सांगावी. स्क्रूभोंवतीं रोज मऊ ब्रशनें स्वच्छ न केल्यास हिरडी सुजून हाड खचतें. त्यांचे हात थरथरत असतील तर हें काम घरांत कोण करणार, तें आधींच ठरवावें. कवळींतील अडकवण्या झिजतात व बदलाव्या लागतात. तो खर्चही प्रथमच विचारून घ्यावा.

पत्र चार पानी आहे. दिरांचें मत त्यांत आहे, यजमानांचें आहे. सासूबाईंना स्वतःस काय हवें, तें मात्र कोठेंच नाहीं. तें त्यांस विचारून उलट टपालीं कळवावें.