लाल बाण, हिरवी टिक

आमच्या ऑफिसात दरवर्षी हेल्थ चेकअपचा मोसम येतो आणि मग आठवडाभर कॅन्टीनमध्ये दुसरा विषय नसतो. परवा शेजारच्या टीममधला एकजण पडलेल्या चेहऱ्याने आला. "एलडीएल १२८ चा १४२ झाला रे!" मोबाइलवर अ‍ॅपने काढलेला ग्राफ, त्यात वर चढणारी लाल रेघ. दोन बिंदूंतून काढलेली! गड्याने त्या क्षणी वडापाव सोडला. दुसऱ्याचा आकडा तेवढाच खाली आला होता. त्याने सोडलेला वडापाव ह्याने हक्काने खाल्ला.

हाच माणूस कामावर कुणी बेंचमार्क एकदा चालवून आकडा आणला तर परत पाठवतो. "पाच वेळा चालव, मग बोल." स्वतःच्या रक्ताचा प्रश्न आला की मात्र एक रन पुरतो.

जरा हिशोब मांडू. आहार तोच, वजन तेच, तरी एकाच माणसाचा एलडीएल दिवसागणिक साधारण आठ टक्के इकडेतिकडे होतो. मशीनचे तीन-चार टक्के वेगळे. दोन्ही धरून संख्याशास्त्राच्या नेहमीच्या सूत्रात घातलं, तर दोन रिपोर्टांतला फरक जवळजवळ २५ टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय 'खरंच बदललं' असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. १२८ वरून १४२ म्हणजे ११ टक्के. काळजी करायची तर १४२ ची करा, पण मग १२८ ची पण करायला हवी होती. तेव्हा कुठे होतात?

पुढची गंमत बघा. बऱ्याच रिपोर्टांत एलडीएल मोजलेलाच नसतो, १९७२ सालच्या फ्रिडेवाल्डच्या सूत्राने काढलेला असतो. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करा, झालं. एकूण २१०, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड १५० असेल तर एलडीएल १४०. आता शुक्रवारी पार्टी केली, शनिवारी रक्त दिलं आणि ट्रायग्लिसराइड २५० आलं. बाकी आकडे तेच धरले, तर एलडीएल १२०. पार्टीने कोलेस्टेरॉल सुधारलं! (ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे सूत्र वापरूच नये, एवढं तरी सगळे मानतात.) तापातून किंवा न्यूमोनियातून उठल्या उठल्या रक्त दिलं तरी एलडीएल खाली आलेला दिसतो. तेही यश नव्हे, आजारपण आहे.

म्हणजे बदलाला काही अर्थच नाही? तसं अजिबात नाही. छातीत दुखतंय म्हणून कुणाला इमर्जन्सीत नेलं, तर डॉक्टर ट्रोपोनिन काही तासांच्या अंतराने पुन्हा तपासतात. तिथे चढउतार हीच बातमी असते. किडनीच्या जुनाट आजारात ट्रोपोनिन कायम वर राहू शकतं; हार्ट अटॅकमध्ये ते हलतं. थोडक्यात, कोणता आकडा किती वेळात किती हलला तर त्याला अर्थ आहे, हे प्रत्येक टेस्टचं वेगळं असतं. रिपोर्टवरचा बाण हे काही सांगत नाही. त्याला फक्त रेषेच्या वर की खाली एवढंच कळतं.

यावर मित्र म्हणतात, "घाबरून लोक चालायला तर लागतात, काय बिघडलं?" काय बिघडतं ते सांगतो. लाल बाणाला घाबरणारा माणूस हिरव्या टिकेवर तितकाच विश्वास टाकतो.

माझ्या बाबांना २०२१ साली स्टेंट बसला. तेव्हापासून रोज रात्री स्टॅटिनची गोळी. गेल्या वर्षी रिपोर्ट आला, एलडीएल ८८, शेजारी हिरवी टिक, 'शंभरच्या आत नॉर्मल'. बाबांनी कुणाला न विचारता गोळी बंद केली. चार महिन्यांनी मला कळलं. "अरे, रिपोर्ट नॉर्मल आलाय. मग कशाला उगाच?"

"बाबा, नॉर्मल गोळीमुळे आलाय!"

पुन्हा तपासलं, तर १५१. हा फरक सत्तर टक्क्यांचा. आणि तो ८८ तरी नॉर्मल कुणासाठी? हृदयविकार असलेल्यांचा एलडीएल ५५ च्या खाली हवा, असं युरोपियन हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ सालीच सांगितलंय. त्या टिकेला स्टेंट माहीतच नव्हता. बाबांच्या १५१ पुढे जो लाल बाण होता, अगदी तसाच माझ्या मित्राच्या १४२ पुढे होता. एकाचा जीव धोक्यात, दुसऱ्याचा वडापाव!

नशिबाने काही झालं नाही. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, वर डोसही वाढवला.

माझं भांडण टेस्टशी नाही. एक आकडा छापून त्याला रंग फासणाऱ्या लॅबशी आहे, दोन बिंदूंतून रेघ ओढणाऱ्या अ‍ॅपशी आहे, आणि ती अ‍ॅप्स लिहिणारे आपणच आहोत म्हणून आपल्याशी पण आहे. 'हा फरक नेहमीच्या चढउतारातला आहे' किंवा 'गोळी चालू असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका' ही ओळ टाकायला किती वेळ लागतो? एक दुपार.

तोवर एक करा. या शनिवारी घरी फोन लावा आणि रिपोर्ट कसा आला ते विचारू नका. गोळी चालू आहे का, ते विचारा.