एम.आर.आय. नॉर्मल, पण पेशंट?

"डॉक्टर, एम.आर.आय. नॉर्मल आला. म्हणजे मेंदूला काही नाही ना?" फिल्मची मोठी पिशवी टेबलावर ठेवून नातेवाईक विचारतात. माझे उत्तर ठरलेले असते: फोटो नॉर्मल आहे, पेशंट नाही.

शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारशक्ती कधीकधी स्वतःच्याच मेंदूवर उलटते. याला ऑटोइम्यून एन्सेफलायटिस म्हणतात. कालपर्यंत धडधाकट असलेली कॉलेजातली मुलगी आठ-पंधरा दिवसांत असंबद्ध बोलू लागते, झोप उडते, भास होतात, मग फिट येते. घरात 'बाहेरची बाधा' म्हणून कुजबुज सुरू होते. कुणी देवऋषाकडे नेतो, तर कुणी तिला वेडी ठरवून मोकळा होतो.

यातला 'एन.एम.डी.ए.' प्रकार डॉ. जोसेप डालमाऊ व सहकाऱ्यांनी २००७ साली उलगडला. त्यात निम्म्याहून अधिक रुग्णांचा सुरुवातीचा एम.आर.आय. नॉर्मल असतो! न्यूयॉर्कची पत्रकार सुझॅना कॅहॅलन २००९ साली याच आजाराने खिळली. तिचाही एम.आर.आय. नॉर्मल होता. डॉ. सुहेल नज्जार यांनी तिला घड्याळ काढायला सांगितले. तिने सगळे आकडे उजव्या बाजूलाच कोंबले. मशीनला न दिसलेले कागद-पेनाने दाखवले. उपचारानंतर ती बरी होऊन कामावर परतली.

मग एम.आर.आय. नकोच का? तसे नाही. गाठ, पक्षाघात, नागीण वर्गातील विषाणूचा मेंदूज्वर ओळखायला तो हवाच. उतारवयात होणाऱ्या 'एल.जी.आय.१' प्रकारात स्मरणशक्तीच्या भागावरची सूज त्यात बरेचदा दिसते. पण शेवटचा शब्द त्याचा नव्हे. ई.ई.जी., पाठीतील पाण्याची तपासणी, रक्तातील व पाण्यातील अँटीबॉडी, तरुण स्त्रियांत बीजकोशातील गाठीसाठी सोनोग्राफी, हे सारे पाहावे लागते.

आणि इथेच आपले घोडे पेंड खाते. एम.आर.आय.साठी लोक उसनवारी करतात, पण पाठीतले पाणी काढायचे म्हटले की "पाय लुळे पडतील" म्हणून सही करत नाहीत. वाचकहो, ही भीती निराधार आहे. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली टोचतात. काहींचे त्यानंतर काही दिवस डोके दुखते.

स्टिरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन, प्लाझ्मा बदलणे असे उपचार आहेत, आणि ते लवकर मिळाले तर बहुतेक रुग्ण सुधारतात. म्हणून माणूस अचानक बदलला, सोबत फिट किंवा विस्मरण आले, तर नॉर्मल रिपोर्ट घेऊन घरी जाऊ नका. मेंदूविकारतज्ज्ञाला विचारा, "आता पुढची तपासणी कोणती?"