हा आरसा कोणाच्या पापाने गळतो?

गाडीतला आरसा तडकतो, निखळतो, धुरकटतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. आरसा गळतो, असे म्हटले तर लोक हसतील. परंतु पंधरा-वीस वर्षांपूर्वीची महागडी गाडी हौसेने सांभाळणाऱ्याला विचारा. त्याचे हसू केव्हाच मावळले आहे! आधी काचेच्या कडेला एक बुडबुडा दिसतो, मग तो चंद्रकोरीसारखा पसरतो, आणि वैशाखातल्या एखाद्या दुपारी पिवळट तपकिरी ओघळ थेट गिअरपाशी उतरतो. तो पडेल तिथले प्लास्टिक मऊ पडून सोलते, चामड्यावर कायमचा डाग बसतो, लाकडी पट्टीची झिलई जाते. घाबरलेला मालक सर्व्हिस सेंटर गाठतो. तिथले उत्तर ठरलेले : "हे रिपेअर होत नाही साहेब, अख्खं युनिट बदलावं लागेल."

का होत नाही? मागच्या गाडीच्या झोताने डोळे दिपू नयेत म्हणून हा आरसा आपोआप काळवंडतो. त्याच्या पोटात दोन काचा, त्यांच्या मधल्या चिंचोळ्या फटीत रसायन आणि कडेने चिकट लेपाची सील. जेमतेम एक-सव्वा व्होल्टचा दाब दिला की रसायन गडद होते, दाब काढला की निवळते. अमेरिकेत मिशिगनमधल्या झीलंड गावच्या जेन्टेक्स कंपनीने 1987 साली असा आरसा बाजारात आणला. कल्पना अस्सल बुद्धीची, तिला आमचा नमस्कार! पण उन्हात बंद उभ्या गाडीत वर्षानुवर्षे भाजून निघालेली सील एक दिवस हार खाणार, हे कळायला कोणत्या विद्यापीठाची पदवी लागते? अकोला-चंद्रपूरचा पारा 45 अंशांना भिडतो, तेव्हा काचेमागच्या त्या आरशाचे काय होत असेल? काच फुटल्यास आतला द्रव कातडीला व डोळ्यांना त्रास देतो, असा इशारा कित्येक कंपन्या आपल्याच पुस्तिकांत छापतात. म्हणजे आत काय भरले आहे ते त्यांना पक्के माहीत आहे! मग काच न फुटताही, निव्वळ वयोमानाने तोच द्रव मालकाच्या मांडीवर ठिबकतो, तेव्हा यांची वाचा का बसते? खराब झालेली असते ती काचेची एक चकती. तिच्यासाठी चौकट, सेन्सर, वायरी आणि बुंधा, सगळे नव्याने विकत घ्यायचे. याला सेवा म्हणत असतील, तर खंडणीला काय म्हणायचे?

आणि हा रोग एकट्या आरशाचा नाही. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मेकॅनिकांना मिळू न देणाऱ्या 14 मोटार कंपन्यांना भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कंपन्यांनी अपिलांची वाट धरली. पुढे जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, त्यात मोटारीही घेतल्या, त्याच वर्षाअखेर संकेतस्थळही काढले. संकेतस्थळाने सील सांधली जाते काय? विकलेल्या गाडीचा प्रत्येक झिजणारा तुकडा सुटा आणि छापील किमतीत द्या, एवढे एक कलम कायद्यात घालायला सरकारचा हात कोणी धरला आहे?

सरकार आणि कंपन्यांना झोडपून आम्ही थांबणार नाही. बुडबुडा दिसूनही त्यावर स्टिकर चिकटवून जुनी गाडी 'एकदम टकाटक' म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणारा दलाल आमचाच आहे. बोनेटखाली तासभर डोके घालून तपासणारा, पण डोळ्यांसमोरच्या आरशाकडे न पाहणारा खरेदीदारही आमचाच! आणि गळका आरसा गॅरेजच्या कोपऱ्यात भिरकावून, उघड्या हातांनी तो द्रव पुसणाऱ्या पोऱ्याच्या डोळ्यांची फिकीर ना शेठला आहे ना आपल्याला.

तेव्हा ज्यांच्या आरशात आज बुडबुडा आहे त्यांनी कायद्याची वाट पाहत बसू नये. ओघळ सुटण्याआधीच आरसा उतरवावा. आधीच सुटला असेल तर हातमोजे चढवावेत, खाली वर्तमानपत्र अंथरावे (आमचेही चालेल), द्रव न रगडता टिपून घ्यावा आणि ओल्या फडक्याने लगोलग पुसावे. उद्यावर टाकाल तर प्लास्टिक गेलेच म्हणून समजा. उतरवलेला आरसा पिशवीत बांधून मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा. हिकमती कारागीर नुसती चकती मागवून बदलतात. मिळाली तर उत्तम, मात्र चौकट उघडताना काच फुटू शकते हे आधीच ऐकून ठेवा. चकती मिळत नसेल तर खाली खटका असलेला साधा दिवस-रात्रीचा आरसा बसवून घ्या. त्यात तिरपी घासलेली काच असते, द्रवाचा थेंबही नसतो, आणि रात्री बोटाने खटका ओढला की मागचा झोत मंद होतो. आणि सर्व्हिस सेंटरने अख्ख्या युनिटचा आग्रह धरलाच, तर सुटा भाग का मिळत नाही याचे कारण लेखी मागा, सही-शिक्क्यासह.