मधल्याची मानगूट



बाकीच्यांची पापं काढण्याआधी माझं एक कबूल करतो.

बुधवार पेठेतल्या आपल्या पोरांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. अ‍ॅडमिन मी. अभ्यासिकेच्या वेळा, जयंतीची वर्गणी, कुणाला रक्त पाहिजे, कुठं भरती निघाली, असलं सगळं त्यावर चालतं. एका रात्री एका पोरानं त्यावर गटारीबद्दल लिहिलं. कुणाला आत उतरवलं, कंत्राटदारानं हातावर किती टेकवले, आणि ही गल्ली आपली नसती तर गटार कधीच साफ झाली असती, असं. भाषा तिखट होती. शिवी एकच होती, आणि ती बरोबर जागी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका ठाण्यातून मला फोन. ‘अ‍ॅडमिन तूच ना? पोस्ट काढ. नाहीतर लिहिणारा राहील बाजूला, पहिला तुला आत घेतो.’ कलम सांगितलं नाही. कागद नाही. स्वतःचं नावसुद्धा सांगितलं नाही. आणि मोर्च्यात पहिल्या रांगेत घसा फाडणारा मी, मुकाट पोस्ट पुसली.

संध्याकाळी चहाच्या गाड्यावर ते पोरगं भेटलं. एवढंच म्हणालं, ‘दादा, तुम्हीच पुसलाव व्हय?’ मी चहा संपवला आणि निघालो. तोंड नव्हतं.

त्या फोनवाल्याला पोराला हात लावायची गरजच पडली नाही. त्यानं मधल्याची मानगूट धरली, मधल्यानं पोराचं तोंड दाबलं. खटला नाही, साक्ष नाही, अपील नाही. सरकारचे हात स्वच्छ. घाण माझ्या हाताला.

ही युक्ती आजची नाही. १९१० साली गोऱ्या सरकारनं प्रेस अ‍ॅक्ट आणला. नवा छापखाना काढायचा तर ५०० ते २००० रुपये तारण ठेवा, वावगं छापलं तर तारण जप्त. लेखकाला शोधत बसायचं कशाला? छापखानेवाल्याच्या खिशाला हात घातला की तोच लेखकाचा मजकूर चाळून, कापून, घाबरून परत पाठवतो. १९३० साली ह्याच सोलापुरात मार्शल लॉ लागला, तेव्हा लिहिणारे, छापणारे, झेंडा धरणारे सगळे एकाच काठीनं हाकलले गेले. आज चार हुतात्मा चौकातून आपण रोज जातो. त्या चौघांतले कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचं पत्र काढत होते, हे किती जणांना माहीत आहे?

आणि दर वेळी सरकारच लागतं असंही नाही. १९२० साली बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला. त्याची जाहिरात, रोख पैसे मोजायची तयारी असूनही, ‘केसरी’नं छापली नाही. तिथं मधल्याची मर्जीच पुरली. उलट १९७२ च्या १५ ऑगस्टला राजा ढालेंचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ ‘साधना’नं छापला. केवढा गहजब झाला! पण छापला. त्या दिवशी संपादकानं आधी वकिलाला विचारून कात्री चालवली असती, तर तो लेख ढालेंच्या वहीतच राहिला असता.

आता इंटरनेटकडं या. २००४ साली बाझी डॉट कॉम नावाच्या बाजारपेठेवर कुणीतरी एक अश्लील क्लिप विकायला ठेवली, आणि पोलिसांनी कंपनीच्या प्रमुखाला उचललं. त्यावरनं बोंब झाली. २००८ साली माहिती तंत्रज्ञान कायदा बदलला आणि कलम ७९ आजच्या रूपात आलं. त्याचा अर्थ साधा: दुसऱ्याचा मजकूर नुसता वाहून नेणाऱ्याला त्या मजकुराची शिक्षा नाही, पण बेकायदा मजकूर कळल्यावरही ठेवलास तर हे कवच जाईल. अमेरिकेनं १९९६ सालीच असं कवच दिलं होतं, आपल्यापेक्षा बरंच जाड.

पण त्याच दुरुस्तीत कलम ६६ अ आलं. ‘त्रासदायक’ लिहिलं तर तीन वर्षं. त्रास कुणाला, किती, काही ठरलेलं नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला दोन पोरींना अटक झाली. बाळ ठाकरे गेल्यावर मुंबई बंद का, असं एकीनं फेसबुकवर विचारलं. दुसरीनं त्याला नुसतं लाइक केलं. २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं श्रेया सिंघल खटल्यात ६६ अ मुळासकट उपटलं. त्याच निकालात ७९ बद्दल सांगितलं की, कुणाही सोम्यागोम्याच्या तक्रारीवरून कंपनीनं मजकूर काढलाच पाहिजे असं नाही. न्यायालयाचा आदेश पाहिजे, नाहीतर सरकारचा रीतसर हुकूम.

आणि आमच्यासारख्या अ‍ॅडमिनचं काय? १ मार्च २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं गोंदियाच्या प्रकरणात सांगितलं की, सदस्यानं काय टाकलं त्याचा गुन्हा अ‍ॅडमिनवर येत नाही. दोघांचा आधीच ठरलेला समान इरादा असल्याचं दाखवावं लागेल. म्हणजे मला आत घ्यायचा धाक पोकळ होता. मला हे माहीत नव्हतं. अडाणीपणाची किंमत त्या पोरानं मोजली.

पण निकालावर विसंबून झोपू नका. सर्वोच्च न्यायालयानं ‘सरकारचा हुकूम’ ही जी फट ठेवली, तिचा आता दरवाजा झालाय. गृह मंत्रालयाचं ‘सहयोग’ पोर्टल ऑक्टोबर २०२४ पासून चालू आहे. अधिकारी त्यावरून कंपनीला कळवतो, हे काढा. एक्स कंपनी त्याविरुद्ध शेजारच्या कर्नाटकात उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये याचिका फेटाळली गेली. २०२१ च्या नियमांत मजकूर काढायला ३६ तास होते. फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीनं तीन तास केले. तीन तासांत कोण कायदा तपासतो? कंपनी आधी पुसणार, मग बघणार. कंपनीला धंदा करायचाय. गटारीत उतरणाऱ्याच्या चार ओळींसाठी ती कवच कशाला घालवेल?

आता कुणी विचारेल, मग काय वाटेल ते लिहू द्यायचं? नाही. सोलापूरच्या माणसानं तरी असं म्हणू नये. मोहसीन शेख आपल्या सोलापूरचा. पुण्यात संगणकाच्या नोकरीला. जून २०१४ मध्ये फेसबुकवर शिवाजी महाराज आणि बाळ ठाकरे यांची विद्रूप केलेली चित्रं फिरली. २ जूनच्या रात्री हडपसरला जमावानं मोहसीनला ठेचून मारलं. त्या चित्रांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. दाढी आणि टोपी एवढाच त्याचा पुरावा. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयानं आरोपींना निर्दोष सोडलं. चित्रं पुसली गेली असतील. न्याय कुठाय? पोस्ट पुसणं सोपं आहे, काठी धरणारा हात कोर्टात शाबीत करणं अवघड. सरकार सोपं काम करतं आणि अवघड काम केल्याची पावती घेतं.

कंपन्यांनाही मी धुतल्या तांदळाचं मानत नाही. आपल्या आज्यापणज्यांनी गिरण्या बघितल्यात. मागावरचा धोटा ह्या काठाचा दोरा त्या काठाला नेतो. कापड वाईट निघालं म्हणून धोट्याला कुणी फटके मारत नाही. पण आजचा हा धोटा दोरा स्वतः निवडतो. ज्यानं माणसं भडकतील, चिकटून बसतील, तोच दोरा पुन्हा पुन्हा पुढं ढकलतो आणि त्यावर जाहिरात विकतो. नुसतं वाहून नेल्याबद्दल शिक्षा नको. पण पैसे घेऊन जे पुढं ढकललं, त्याचा जाब दिलाच पाहिजे. आणि धोटा कुणाच्या हातात, हा सवाल आपल्याला नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या माणसाला घेत नसत, कारण धोट्यातला दोरा तोंडानं ओढावा लागे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच सवाल लावून धरला होता.

म्हणून आपली मागणी साधी आहे. मजकूर काढायचा तर लेखी आदेश द्या, कलमासकट. लिहिणाऱ्याला प्रत द्या, त्याचं ऐका. खरोखर आग लागत असेल तर तात्पुरतं थांबवा, पण चार दिवसांत न्यायालयापुढं या. जातीवरून शिवी देणाऱ्याची नुसती पोस्ट पुसू नका, त्याच्यावर अ‍ॅट्रॉसिटी लावा. ऑनलाइन शिवीलाही हा कायदा लागतो, असं केरळ उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलंय.

आणि अ‍ॅडमिन दोस्तांनो, फोन आला तर तीनच शब्द बोला: ‘साहेब, लेखी द्या.’ तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवा. मजकुराचा फोटो काढून ठेवा. कुणी ग्रुपवर माणसाचा पत्ता टाकून ‘चला रे’ म्हणत असेल, तर मात्र फोनची वाट बघू नका, तुम्हीच त्याला थांबवा.

मी त्या पोराच्या घरी गेलो. माफी मागितली. त्यानं मजकूर वहीत लिहून ठेवला होता. ह्या अंकाच्या पान तीनवर तो आहे, त्याच्या नावानिशी, शिवीसकट. संपादक म्हणून खाली माझं नाव आहे. कुणाला काही म्हणायचं असेल तर लेखी द्या.

जय भीम.