उभ्या गाडीचा श्वास

वैशाखातल्या दुपारी एखाद्या जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरील वाहनतळात शिरले असता, तेथे एकही इंजिन चालू नसताना आणि फरशीवर पेट्रोलचा एक थेंबही सांडलेला नसताना, जो गोडसर आणि डोक्यात चढणारा वास नाकाला जाणवतो, तो कोठून येतो याचा विचार आपण सहसा करीत नाही. गाडी हवा बिघडवते ती चालताना, मागच्या नळीतून धूर सोडून, अशी आपली पक्की समजूत आहे. आणि शासनाची तपासणीही याच समजुतीवर आधारलेली असल्यामुळे, जी गाडी दिवसाच्या २४ तासांपैकी बहुतेक वेळ नुसती उभी असते, तिच्याकडून त्या उभ्या वेळात काही कसूर घडत असेल, ही शंका ना मालकाच्या मनाला शिवते, ना तपासनिसाच्या.

माझ्या स्वतःच्या गाडीने मला ती शंका घ्यावयास लावली. गाडी १९९८ सालची, कार्बोरेटरवर चालणारी. तिच्या बॉनेटखाली एका कोपऱ्यात डब्यासारखी एक काळी वस्तू असे. एका दुरुस्तीच्या वेळी ती काढून टाकण्यात आली आणि ती नसली तरी गाडीचे काही अडत नाही, असे मला सांगण्यात आले. गाडीचे खरोखरच काही अडले नाही. परंतु त्या उन्हाळ्यापासून पेट्रोलचा वास जिन्यापर्यंत येऊ लागला, आणि पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी जेव्हा दुपारी खिडक्या लावून घ्यावयास सुरुवात केली, तेव्हा त्या काळ्या डब्याचे प्रयोजन काय असावे, हे शोधणे मला भाग पडले.

पेट्रोल हा एकजिनसी द्रव नव्हे. शेकडो हायड्रोकार्बनांचे ते मिश्रण असून त्यांतील काही घटक इतके चंचल असतात की, त्यांना द्रवरूपात राहणे जड जाते: पेंटेन ३६ अंशांवर उकळते आणि ब्यूटेन तर शून्याच्या जवळपासच. अर्धी भरलेली टाकी ही म्हणूनच अर्धी रिकामी नसते. वरची पोकळी वाफेने संपृक्त असते. सकाळची शीतल हवा तापत तापत दुपारी ३८ अंशांवर गेली की ही पोकळी फुगते, आणखी पेट्रोलाची वाफ होते, आणि जुन्या काळच्या टाकीच्या झाकणाला मुद्दाम ठेवलेल्या छिद्रातून हे सारे बाहेर पडते. रात्री टाकी निवाली की त्याच छिद्रातून बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच चक्र सुरू होते. गाडीचा हा दिवसाकाठचा एक श्वास आणि एक उच्छ्वास होय. त्याशिवाय, लांबचा प्रवास करून गाडी बंद केल्यावर, पंख्याचा वारा थांबल्यामुळे इंजिनची साठलेली उष्णता वर चढते आणि कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमधील पेट्रोल अक्षरशः उकळू लागते. भर दुपारी घाटमाथ्यावर चहासाठी थांबून पुन्हा गाडी चालू करताना ज्यांची दमछाक झाली आहे, त्या जुन्या गाडीवाल्यांना या उकळण्याचा अनुभव आहे. वाफेच्या रूपाने हवेत गेलेल्या पेट्रोलचा हिशेब मात्र त्यांतील फार थोड्यांनी केला असेल.

तो हिशेब प्रथम केला गेला लॉस एंजेलिसमध्ये. १९४३ च्या जुलैमध्ये त्या शहरावर डोळे चुरचुरविणारे दाट मळभ उतरले आणि पुढील कित्येक वर्षे ते वारंवार येत राहिले. पॅसाडीना येथील कॅलटेकमध्ये अननसाच्या स्वादद्रव्यांचा अभ्यास करणारे आरी हागेन-स्मिट नावाचे डच वंशाचे रसायनशास्त्रज्ञ होते. फळाचा सुवास थंड करून द्रवरूपात पकडण्याची जी रीत त्यांना साधली होती, तीच त्यांनी शहराच्या हवेला लावली. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी दाखवून दिले की, हे मळभ कारखान्यांच्या काजळीचे नसून, पेट्रोलातील हायड्रोकार्बन आणि इंजिनांतून येणारी नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ते जन्म घेते, आणि त्या क्रियेतून ओझोन निर्माण होतो. ओझोन मोजण्यासाठी त्यांनी रबराच्या ताणलेल्या पट्ट्या वापरल्या; हवेत ओझोन जितका अधिक, तितक्या लवकर रबराला भेगा. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण रबराचा प्रश्न पुढे पुन्हा येणार आहे.

कोणतेही नियंत्रण नसलेल्या गाडीतून जे हायड्रोकार्बन बाहेर पडतात, त्यांपैकी स्थूलमानाने एक पंचमांश भाग टाकीतून आणि कार्बोरेटरमधून नुसत्या वाफेच्या रूपाने जातो, असे तेथे आढळले. म्हणून १९७० सालच्या नव्या गाड्यांना कॅलिफोर्नियात, आणि १९७१ पासून साऱ्या अमेरिकेत, ही वाफ अडविण्याची सक्ती झाली. आरंभी काही गाड्यांत ती इंजिनच्या तेलपेटीतच साठविण्याची युक्ती योजली गेली. पण लवकरच सर्वत्र एकच उपाय स्थिरावला, आणि तो म्हणजे कोळशाने भरलेला एक साधा डबा. माझ्या गाडीतून काढून टाकलेला कॅनिस्टर तो हाच.

या डब्याची रचना पाहून माझ्या मनात त्याच्या योजकांविषयी जो आदर उत्पन्न झाला, तो मी लपवू इच्छित नाही. आतील कोळसा चुलीतला नव्हे. विशिष्ट प्रक्रियेने सच्छिद्र केलेल्या त्या कोळशाच्या एका ग्रॅमचा अंतर्गत पृष्ठभाग १००० चौरस मीटरहून अधिक भरतो. वाफ या पृष्ठभागाला चिकटून राहते, ओल्या फडक्यात पाणी मुरावे तशी ती आत मुरत नाही. आपल्या शास्त्रीय परिभाषेत शोषणाहून वेगळा असा अधिशोषण हा शब्द योजलेला आहे तो याच भेदासाठी. टाकीच्या झाकणाचे छिद्र बंद करून त्या जागी दोन झडपा बसविल्या: एक, पेट्रोल खर्च होत जाईल तसतशी बाहेरची हवा आत घेणारी, आणि दुसरी, केवळ आणीबाणीच्या दाबालाच उघडणारी. टाकीत वर थोडी जागा फुगण्यासाठी राखून ठेवली, वाफेबरोबर द्रव पेट्रोल वाहत जाऊ नये म्हणून वाटेत त्यांची फारकत करणारी एक छोटी कुपी घातली, आणि तेथून एक रबरी नळी डब्यापर्यंत आणली. फ्लोट चेंबरची दुसरी नळीही तेथेच येऊन मिळाली.

डबा भरला की रिकामाही व्हावयास हवा. त्यासाठी इंजिनच्याच शोषणाचा उपयोग केला. पुष्कळ गाड्यांत कार्बोरेटरच्या थ्रॉटलच्या पडद्याच्या किंचित वर एक बारीक छिद्र असते. गाडी जागच्या जागी चालू असते तेव्हा ते शोषणाच्या कक्षेबाहेर राहते, पण ॲक्सिलरेटरवर पाय पडून पडदा वळताच ते कक्षेत येते, डब्याच्या तळातून ताजी हवा ओढली जाते, आणि ती कोळशाला चिकटलेली वाफ सोडवून इंजिनात नेते, जेथे ती इंधन म्हणून जळते. इंजिन गार असताना हे मिश्रण त्याला मानवत नाही, म्हणून काही गाड्यांत उष्णतेने उघडणारी झडप मध्ये घालून, इंजिन तापेपर्यंत ही क्रिया रोखून धरली. संगणक नाही, विजेची एक तारही नाही. आणि तरीही वाफ धरून ठेवावी केव्हा आणि सोडावी केव्हा, हा निर्णय उष्णता आणि हवेचा दाब यांच्याकडूनच बिनचूक करवून घेतलेला आहे.

पुढे गाडी बंदिस्त खोलीत ठेवून हवेतील हायड्रोकार्बन मोजण्याची पद्धत आली. अमेरिकेत १९७८ साली एका चाचणीस ६ ग्रॅम आणि १९८१ साली २ ग्रॅम अशी मर्यादा ठरली. आपल्याकडे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात हाच २ ग्रॅमचा दंडक पेट्रोल गाड्यांना लागू झाला. याचा अर्थ असा की, नव्या नमुन्याच्या गाडीस विक्रीचा परवाना देताना आपण तिला विचारतो: उभी असताना तू किती वाफ सोडतेस? पुण्याच्या वेताळ टेकडीवरील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थेत अशा चाचण्यांची शिस्तशीर व्यवस्था आहे. माझी तक्रार त्यानंतरच्या काळाविषयी आहे. तो प्रश्न एकदा विचारल्यावर, ती गाडी ५ वर्षांची होवो, १५ वर्षांची होवो वा २५ वर्षांची, पुन्हा कोणीच विचारीत नाही.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११५ व्या नियमान्वये जो पीयूसीचा दाखला आपण घेतो, त्यात माझ्या गाडीसारख्या जुन्या पेट्रोल गाडीस कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन दशलक्षात १५०० भाग अशी मर्यादा आहे. पण ही सारी मोजदाद मागच्या नळीत सळई घालून, इंजिन जागच्या जागी चालू ठेवून केली जाते. कॅनिस्टर काढून टाकल्यावरही माझ्या गाडीला तो दाखला विनासायास मिळाला. दाखला खोटा नव्हता. त्याने जे मोजले ते बरोबरच मोजले होते. जी वाफ काकूंच्या घरात शिरत होती, तिची नोंद करण्यास त्या कागदावर रकानाच नव्हता.

जुन्या गाड्यांत ही व्यवस्था मोडते ती मोठ्या कारणांनी नव्हे. पेट्रोल भरणाऱ्या नळीचा खटका आपोआप पडल्यावरही रक्कम पूर्णांकात यावी म्हणून आपण आणखी थोडे भरावयास सांगतो. ते गळ्यापर्यंत आलेले पेट्रोल वाफेच्या वाटेने डब्यात जाते आणि कोळसा भिजून निकामी होतो. तळाची गाळणी आपल्या रस्त्यांवरील धुळीने बुजते. हरवलेल्या झाकणाच्या जागी बाजारातले मिळेल ते झाकण बसते. आणि रबरी नळ्यांना भेगा पडतात: इंजिनच्या उष्णतेने पडतात, आणि हागेन-स्मिटांच्या पट्ट्यांना पडत तशा ओझोननेही पडतात, म्हणजे निसटलेली वाफ ज्या वायूला जन्म देते, तोच वायू वाफेला अडवणारे रबर कुरतडतो.

आता या सगळ्यात इथेनॉलची भर पडली आहे. २०२५ पर्यंत देशभर २० टक्के मिश्रणाचे धोरण अमलात आले. परकीय चलन आणि ऊस उत्पादक या दोन्ही दृष्टींनी त्याचे समर्थन करणारांशी माझा येथे वाद नाही; परंतु पेट्रोलात इथेनॉल मिसळले की मिश्रणाचा बाष्पदाब वाढतो आणि जुन्या प्रतीच्या रबरातून ते अधिक सहजपणे झिरपते, ही रसायनशास्त्रातील स्थापित गोष्ट आहे. नवे इंधन जुन्या नळ्यांत सोडताना त्या नळ्यांची तपासणी करविण्याची तरतूदही त्याच हुकुमात असावयास हवी होती. पेट्रोलात बेंझीन असते आणि बेंझीन कर्करोगास कारण होते. बंद वाहनतळांवर राहणाऱ्या कुटुंबांना या गोष्टीचा विसर पडू देणे बरे नव्हे.

जुन्या गाड्या सरसकट भंगारात काढाव्या, हा यावरील सोपा उपाय मला मान्य नाही. ज्या गाडीवर एखाद्या निवृत्त शिक्षकाचे वा किरकोळ दुकानदाराचे घर चालते, ती मोडावयास लावण्यापूर्वी, झाकणाचा वॉशर, दोन हात नळी आणि एक कॅनिस्टर एवढ्याने जे साधते ते साधून पाहणे, हे शासनाचे कर्तव्य आहे. कॅलिफोर्नियाने २००७ च्या अखेरीस हेच केले: १९७६ ते १९९५ या सालांतील गाड्यांच्या इंधनव्यवस्थेत अल्प दाब देऊन गळती तपासण्याची अट त्यांनी नेहमीच्या धूरतपासणीतच घातली. आपल्याकडे त्यासाठी नवे खाते उघडण्याची गरज नाही. खासगी गाडीची १५ वर्षांची मुदत संपल्यावर दर ५ वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ती परिवहन कार्यालयात हजर करावीच लागते. त्याच वेळी कॅनिस्टर जागेवर आहे की नाही, नळ्या जोडलेल्या आहेत की नाहीत, आणि झाकण दाब धरते की नाही, या तीन गोष्टींची रुजुवात निरीक्षकाने करावी. झाकणाची चाचणी तर काही मिनिटांची आहे: ते काढून एका तोंडावर बसवायचे, त्यात थोडी हवा भरायची, आणि काटा खाली येतो का ते पाहायचे.

माझ्या गाडीत कॅनिस्टर पुन्हा बसला आहे. जुन्या सामानाच्या बाजारात तो शोधण्यास जो वेळ गेला तेवढाच काय तो त्रास. नळ्या आणि वॉशर त्याच दिवशी मिळाले. चैत्र संपत आला आहे, दुपारी ऊन चांगलेच तापते, आणि पहिल्या मजल्यावरची खिडकी उघडी असते.