रोही, कुंपण आणि शेजारधर्म

पाऊस आणि बाजारभाव ही संत्र्याच्या बागाइतदाराची दोन जुनी दुखणी होत. नरखेड, काटोल, वरूड या टापूत त्यांस तिसऱ्याची जोड मिळाली आहे. हे तिसरे दुखणे चार पायांवर चालते, रात्री येते आणि उजाडण्यापूर्वी निघून जाते. त्याचे नाव रोही. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे बिऱ्हाड शहरात आणि वडिलोपार्जित बाग गावाकडे, अशी स्थिती असल्यामुळे या विषयाचा येथे विचार करणे अप्रस्तुत होणार नाही.

शहरवासी मंडळी रोह्यास सरसकट हरीण समजतात. खरे पाहू जाता, चितळासारख्या हरणाची शिंगे फांद्याफांद्यांची असून ती ठराविक काळाने गळून पडतात व नवी येतात. रोह्याची शिंगे आखूड, सरळ व जन्मभर टिकणारी. तीही केवळ नरास. त्याचे कूळ गाईबैलांचे. उत्तरेकडे त्यास नीलगाय म्हणतात, आणि त्या नावातील ‘गाय’ या दोन अक्षरांनी त्याचे बरेच रक्षण केले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचेही त्यास छत्र आहे. खांद्यापाशी चारपाच फूट उंच आणि वजनाने दोनशे किलोंच्याही पुढे जाणारा असा हा पाहुणा कळपाने बागेत शिरला म्हणजे काय होत असेल, याची कल्पना करावी.

संत्र्याचे कलम जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून तयार करतात. लावणीपासून फळ हाती येण्यास चारपाच वर्षे लागतात. या काळात झाडास जी कोवळी नवती फुटते, तीवर रोह्याची दृष्टी असते. नुसते शेंडे खुडले गेले, तर झाड मागे पडते, एवढ्यावर भागते. परंतु डोळा भरल्या जागेच्या खालीच खोड मोडले, तर पुढे येणारा फुटवा संत्र्याचा नसून जंबेरीचा असतो. अनेक वर्षांच्या कष्टांचे फळ म्हणून एक काटेरी झुडूप तेवढे हाती उरते. हे ध्यानी घेतल्यावाचून शेतकऱ्याच्या संतापाविषयी मत देणे अन्यायाचे होय.

उपाय पुष्कळ आहेत. बाभळी-बोरीच्या काट्यांचे कुंपण स्वस्त, पण ते फिरून फिरून घालावे लागते. सागरगोटा किंवा चिलार यांचे जिवंत कुंपण दाट होण्यास धीर धरावा लागतो. धुऱ्यावर घरातील जुन्या रंगीत साड्या बांधण्याचा प्रघात विदर्भात नित्य दृष्टीस पडतो. वाऱ्याने हलणाऱ्या पदराला जनावर काही दिवस बुजते. पुढे तो त्याच्या परिचयाचा होतो. काटेरी तार ओढावी, तर चितळ उडी मारून, रानडुक्कर खालून उकरून आणि रोही अंगच्या बळाने आत येतो. अखेरीस उरते ती जागल, म्हणजे मचाणावर बसून, डबा बडवीत काढलेली रात्र.

या जागलीस कंटाळून कोणी कोणी वीजवाहिनीवर आकडा टाकून घरगुती दाबाचा, म्हणजे सुमारे २३० व्होल्टचा प्रवाह उघड्या तारेत सोडतात. याचा आम्ही तीव्र निषेध करतो. ती तार रोही आणि मनुष्य यांत भेद जाणत नाही. २०१७ च्या ऑक्टोबरात शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सिंदीविहिरी येथे अशाच तारेस लागून एक वाघीण मेली. वाघिणीची वार्ता देशभर झाली; परंतु पहाटे पाणी द्यावयास निघालेला सालदार अथवा शेजाऱ्याचा पोर त्या तारेवर पडला, तर त्याची वार्ता तालुक्याबाहेरही जात नाही. बागेचा मालक शहरात निजलेला असतो; मरण दुसऱ्याच्या वाट्यास येते.

शेतकरी ज्यास ‘झटका मशीन’ म्हणतात, ते सौर कुंपण याहून निराळे आहे. सूर्यप्रकाशावर भरणाऱ्या बॅटरीतून त्याच्या तारेत सेकंदाच्या अंतराने अतिसूक्ष्म काळापुरता झटका सोडला जातो. दाब हजारो व्होल्टचा असला, तरी काळ इतका अल्प की जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. मात्र प्रमाणित यंत्रच घ्यावे. तारेस गवत टेकले की झटक्याचा जोर मातीत जिरतो, म्हणून निंदणी चुकवू नये. जमिनीत पुरलेल्या सळईपाशी ओल राखावी.

आता मुख्य मुद्दा. एकाने कुंपण घातले म्हणजे रोह्याची भूक शमत नाही. तो पलीकडच्या शेतात जातो. पैसेवाल्याची बाग राखली जाते आणि तिचा भार ज्याच्यापाशी तारेस दाम नाही त्याच्या तुरीवर पडतो. यास बंदोबस्त म्हणावे काय?

हिशेबही एकोप्याच्याच बाजूने आहे. एक हेक्टराच्या चौरस शेतास ४०० मीटर तार लागते. लागून असलेल्या अशा नऊ शेतांस निरनिराळी कुंपणे घातली, तर ३,६०० मीटर लागेल. नवांच्या चौकोनास मिळून एकच घातले, तर अवघी १,२०० मीटर. यंत्रेही नऊ नकोत. ओढ्याकडे जाणारी जनावरांची वाट तेवढी मोकळी सोडावी, म्हणजे तहानेला जीव तारेवर आपटणार नाही.

अडचण तारेची नसून मनांची आहे. धुऱ्याच्या वितभर जागेवरून ज्यांनी वर्षानुवर्षे बोलणे टाकले, त्यांनी एका कुंपणात यावयाचे कसे? येथे बाहेरगावी राहणाऱ्या सुशिक्षित मालकाने पुढाकार घ्यावा. आपला वाटा प्रथम द्यावा, आणि ज्याची ऐपत नाही त्याचे शेत रेषेबाहेर टाकू नये. स्वतःच्या बागेभोवती कुंपण घालणे ही सावधगिरी झाली. शेजाऱ्यास त्यात घेणे हा धर्म होय.