आडवे शब्द, उभे शब्द

रविवारचा दुसरा चहा झाला, की दांडिया बाजारातील आमच्या दिवाणखान्यात चार-सहा डोकी एका कागदावर वाकलेली दिसतात. तो कागद म्हणजे शेजारच्या मास्तरांनी पट्टी-पेन्सिलीने आखलेले शब्दकोडे. मास्तरांनी हयातभर बडोद्यात गणित शिकवले आणि फावल्या वेळी इंग्रजी वर्तमानपत्रातील कूट कोडी सोडवली. निवृत्तीनंतर तीच तऱ्हा मराठीत आणण्याचा छंद त्यांना जडला आणि त्याचा प्रसाद आम्हां शेजाऱ्यांना मिळू लागला.

साधे शब्दकोडे आणि कूट शब्दकोडे यांत मोठे अंतर आहे. साध्या कोड्यात अर्थ दिलेला असतो, शब्द सांगायचा. कूट कोड्याच्या सूत्राला दोन अंगे असतात. एक अंग शब्दाचा अर्थ सांगते, दुसरे त्याच शब्दाची अक्षरे कशी जुळवायची ते सांगते. आणि दोहोंमधला सांधा असा बुजवलेला असतो, की वाचणाऱ्याने भलत्याच वाटेने जावे. उदाहरणार्थ, 'एक मळलेले वस्त्र, आत दडले आहे फूल (३)'. वस्त्राचा विचार करणारा फसला. 'एक मळलेले' ही अक्षरे सलग वाचावीत, म्हणजे आत 'कमळ' दिसते. 'नदी उलटली, गरीब झाली (२)' याचे उत्तर 'दीन'. 'वा! मन ठेंगणे झाले (३)' हे वाचून आम्ही बराच वेळ मनाच्या कोतेपणावर बोलत बसलो होतो. उत्तर होते 'वामन'.

शब्दकोड्याचा जन्म २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' या वृत्तपत्रात झाला. कर्ता आर्थर विन. त्याला कूट वळण लागले ते पुढे इंग्लंडात. 'टॉर्केमादा' हे भयंकर टोपणनाव घेतलेल्या एडवर्ड पॉविस मॅथर्स यांनी १९२६ पासून 'ऑब्झर्व्हर' पत्रात वाचकांना दर आठवड्यास छळले. परंतु शब्दांत अर्थ दडवण्याची हौस आपल्याकडे फार जुनी. दंडीने 'काव्यादर्शा'त प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले आहेत आणि त्यांचा उपयोगही नोंदवला आहे. दुसऱ्याला चकवणे आणि गर्दीत गुप्त मसलत करणे हे त्यांत आहेच. पण गोष्ठीतला विनोद, म्हणजे चार माणसे जमली असता होणारी करमणूक, हाही त्यांत आहे. कोडे चौघांत सोडवावे ही रीत आमच्या मास्तरांनी काढलेली नव्हे.

चौघे जमले म्हणजे वादही आलाच. इंग्रजीत एका घरात एक वर्ण बसतो. आपल्याकडे काना-मात्रा-वेलांटीसह अख्खे अक्षर बसते. त्यामुळे आडवा आणि उभा शब्द जेथे एकमेकांस छेदतात, तेथे ऱ्हस्व-दीर्घाचा झगडा उभा राहतो. एकदा आडवा शब्द होता 'कवि' आणि त्याच्या शेवटच्या घरातून खाली उतरत होता 'विमान'. आमच्या पुण्याहून आलेल्या सूनबाईंनी हळूच सांगितले, "मास्तरकाका, १९६२ च्या नियमांप्रमाणे 'कवी' दीर्घ लिहायचा." मास्तर म्हणाले, "आम्ही बडोद्यास शाळेत ऱ्हस्वच गिरवला." पुणे आणि बडोदे यांच्यांतील जुनी चुरस जागी होण्याचा रंग दिसू लागला. अखेर मास्तरांनी खोडरबर मागितले आणि 'विमाना'च्या जागी 'वीरश्री' आणली. सूनबाईंनी त्या दिवशी त्यांना चहाचा दुसरा कप न मागता दिला.

हे सारे सांगण्याचे कारण मात्र गेल्या श्रावणातले आहे.

आमच्या मातुःश्रींचे वय आता नव्वदीला टेकले आहे. जेवण झाले की नाही हे त्यांना आठवत नाही. आम्हांला त्या कधी आमच्या वडिलांच्या, तर कधी आपल्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारतात. कॉटवर पडल्या पडल्या त्या काहीबाही बोलत असतात. लाज वाटते, पण खरे सांगावयाचे तर त्या बोलण्याला उत्तर देणे आम्ही हळूहळू सोडून दिले होते.

त्या रविवारी शेवटचे एक सूत्र अडले होते: 'अंगावरचा वळ, अंगाची चण, पावसात इथे थांबा (४)'. आमचा चौदा वर्षांचा नातू इंग्रजी शाळेत जातो. मराठी शब्द त्याच्यापाशी थोडे, परंतु सूत्राची फोड तो आम्हां सर्वांआधी करतो. तो म्हणाला, "आजोबा, दोन शब्द शेजारी ठेवायचे आहेत, आणि ते दोन्ही सूत्रातच असावेत. पण जोडून जे होते, तसा शब्द असतो का?" आम्ही 'वळवळ' सुचवून हसे करून घेतले. 'चण' म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नव्हते, सूनबाईंनी सांगितले, "बांधा. लहान चणीची मुलगी म्हणतात ना, तशी." नातवाने जोडलेली चार अक्षरे मोठ्याने उच्चारली. तोच कॉटवरून स्पष्ट आवाज आला, "वळचणीला उभी राहा ग, भिजशील."

खोलीत कोणी बोलेना. मातुःश्री कोणाशी बोलत होत्या, ते आम्हांस कळले नाही. बहुधा त्यांच्या माहेरच्या वाड्यातील कोणा मुलीशी. तो वाडा पडून त्या जागी सदनिका उभ्या राहिल्या, त्यालाही पुष्कळ वर्षे झाली. सदनिकांना वळचण नसते. नातू उठून कॉटपाशी गेला आणि विचारले, "मोठी आजी, वळचण म्हणजे काय?" त्यांनी हात उचलून कौलांचा उतार दाखवला, बोटांनी पागोळ्या गळताना दाखवल्या आणि त्यांच्याआड, भिंतीला लागून राहिलेली कोरडी पट्टी दाखवली. मित्राच्या गावी पाहिलेले घर आठवून तो म्हणाला, "म्हणजे आपण गुजरातीत नेवां म्हणतो, त्यांच्याखालची जागा!" मास्तरांनी मान डोलावली आणि पेन्सिल त्याच्या हाती दिली.

मास्तरांपाशी युक्ती होती, नातवापाशी फोड होती, सूनबाईंपाशी 'चण' होती. पण तो शब्द जिच्या अंगावरून पाणी ओघळत असता वापरात होता, अशी एकच व्यक्ती त्या खोलीत होती. आणि आम्ही तिच्याशी बोलणे सोडले होते.

आता रविवारी कॉट दिवाणखान्यात आणतो. प्रत्येक सूत्र मोठ्याने वाचतो. बहुतेक वेळा मातुःश्री झोपी जातात. कधी भलतेच काही बोलतात. नातू ते वहीत टिपून ठेवतो, न जाणो, पुढच्या आठवड्यात लागेल.

वाचकहो, जाता जाता मास्तरांचे एक सूत्र आपल्या हवाली करतो: 'आईबापांची भाजी (३)'. उत्तर पुढील अंकी. मात्र ते एकट्याने सोडवू नये. घरात जे कोणी वडीलधारे असेल, त्यांच्याजवळ बसून मोठ्याने वाचावे.